ड्रिफ्टिंगसाठी गाडी निवडताना

‘ड्रिफ्टिंगसाठी सगळ्यात भारी गाडी कोणती?’ हा प्रश्न ‘फोर्झा होरायझन ५’ खेळणारी आमच्या नात्यातली बहुतेक मुलं मला कधी ना कधी विचारतात. मी एका गाडीचं नाव सांगावं, त्यांनी ती गेममधल्या पैशांनी विकत घ्यावी आणि त्याच संध्याकाळी धुराचे लोट काढत वळणावर आडवी घालावी, एवढी साधी अपेक्षा असते. मी लगेच नाव सांगत नाही. आधी विचारतो, ‘आत्ता कुठली चालवतोस?’ उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. हजार अश्वशक्तीच्या पुढची, झगझगीत रंगाची एखादी गाडी. आणि त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं, ‘पण मामा, ती सारखी गोल फिरते.’

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो. दिवसभर यंत्रांचे सुटे भाग हाताखालून जातात आणि रात्री जेवण झाल्यावर तासभर पडद्यावर गाड्या चालवतो. त्यामुळे गेममध्ये ‘डिफरन्शियल’ किंवा ‘व्हीलबेस’ असा शब्द आला की माझ्यासमोर नुसता आकडा येत नाही, लोखंड येतं. ही गंमत तरुण वाचकांपर्यंत पोहोचावी म्हणून हा लेख. गाड्यांची नावं पुढे येतीलच, पण नाव का घ्यायचं ते कळलं तर उद्या नवीन गेम आला तरी कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी गेमविषयी थोडंसं

ज्या आईबाबांना हा लेख मुलांनी वाचायला लावला आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘फोर्झा होरायझन ५’ हा इंग्लंडमधल्या ‘प्लेग्राउंड गेम्स’ या स्टुडिओने तयार केलेला गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. तो मेक्सिकोत घडतो. ठरावीक ट्रॅकवर फेऱ्या मारण्याची सक्ती त्यात नाही. वाळवंट, जंगल, समुद्रकिनारा, ग्वानाह्वातो शहराच्या गल्ल्या, ज्वालामुखीवर चढणारा वळणावळणांचा रस्ता, असा मोठा मोकळा प्रदेश आहे आणि आपण हवं तिकडे गाडी न्यायची. शेकडो गाड्या आहेत. त्यांचं इंजिन, टायर, सस्पेन्शन बदलता येतं.

या नकाशावर जागोजागी ‘ड्रिफ्ट झोन’ आहेत. रस्त्याचा ठरावीक तुकडा गाडी आडवी घसरवत पार करायचा. घसरण्याचा कोन आणि वेग यांवर गुण मिळतात आणि गुणांनुसार एक, दोन किंवा तीन तारे. तिसरा तारा मिळवण्यासाठी मुलं रात्रीची झोप घालवतात.

ड्रिफ्ट म्हणजे नेमकं काय

पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यावर सायकलचं मागचं चाक ब्रेक दाबल्यावर कसं बाजूला सरकतं, ते प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. ड्रिफ्टची सुरुवात तीच. मागच्या चाकांची रस्त्यावरची पकड मुद्दाम सोडवायची. गाडीचं शेपूट बाहेर जाऊ लागलं की पुढची चाकं उलट बाजूला वळवायची, म्हणजे गाडी डावीकडे वळत असताना स्टिअरिंग उजवीकडे. आणि अ‍ॅक्सिलरेटर इतकाच द्यायचा की मागची चाकं घसरत राहतील, पण शेपूट पुढे येऊन गाडी गोल फिरणार नाही.

म्हणजे पकड सुटलेली असते, पण ताबा सुटलेला नसतो. हा फरक डोक्यात पक्का बसला की गाडी कशी निवडायची याचं अर्धं उत्तर मिळतं. पकड सोडवणं कोणत्याही दणकट इंजिनाला जमतं. सुटल्यानंतर जी गाडी आपल्याला विचार करायला अर्धा क्षण देते ती ड्रिफ्टची गाडी.

घाटात जन्मलेला खेळ

हा प्रकार जपानचा. कुनिमित्सु ताकाहाशी हे आधी मोटरसायकलचे शर्यतपटू. १९६१ मध्ये मोटरसायकल ग्रां प्री जिंकणारे ते पहिले जपानी चालक. पुढे ते मोटारींच्या शर्यतीत आले आणि १९७०च्या दशकात वळणात गाडी वेगाने घालून घसरवत बाहेर काढण्याची त्यांची पद्धत प्रेक्षकांना वेड लावू लागली. ते पाहून शिकलेला तरुण म्हणजे केइची त्सुचिया. जपानी भाषेत डोंगरातल्या खिंडीच्या रस्त्याला ‘तोगे’ म्हणतात, म्हणजे आपला घाटच. त्सुचिया रात्री अशा घाटांत सराव करत. १९८७ मध्ये ‘प्लस्पी’ नावाच्या व्हिडिओत त्यांचं कसब लोकांसमोर आलं आणि त्यांना ‘ड्रिफ्ट किंग’ हे नाव चिकटलं.

त्यांच्या हातातली गाडी कोणती होती? टोयोटा एई ८६. १९८३ ते १९८७ या काळात बनलेली साधी, परवडणारी कूपे. १.६ लिटरचं इंजिन, सुमारे १३० अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत. आज आपल्याकडच्या कितीतरी घरगुती एसयूव्हींची ताकद याहून जास्त असते. १९९५ मध्ये शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली. तिच्यातला टोफू पोहोचवणारा मुलगा हीच गाडी घेऊन घाटात मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकतो. त्या कथेतला आकिना घाट गुन्मा प्रांतातल्या हारुना डोंगरावर बेतलेला आहे. पुढे २००१ मध्ये जपानात ‘डी-वन ग्रां प्री’ आणि २००४ मध्ये अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ची पहिली मालिका सुरू झाली. घाटातला रात्रीचा उद्योग पंच, गुण आणि सुरक्षेचे नियम असलेला खेळ झाला.

आजच्या स्पर्धांमधल्या गाड्यांची ताकद हजार अश्वशक्तीच्या आसपास असते हे खरं. पण तिथले चालक वर्षानुवर्षं कमी ताकदीच्या गाड्या चालवून तिथवर आलेले असतात. गेममध्ये मात्र दुकान पहिल्याच आठवड्यात उघडं असतं, म्हणून मुलं शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात.

निवडताना बघायच्या गोष्टी

पहिली गोष्ट, ताकद कोणत्या चाकांना जाते. आजोबांच्या काळातली अ‍ॅम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी या दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. इंजिन पुढे, तिथून लांब प्रॉपेलर शाफ्ट मागे, आणि मागची चाकं गाडीला ढकलणार. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्यामागून आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालू लागल्या. तिथे पुढची चाकं गाडी ओढतातही आणि वळवतातही. ड्रिफ्टसाठी कामाची विभागणी हवी. पुढच्यांनी फक्त दिशा द्यायची, मागच्यांनी घसरत ढकलायचं. म्हणून इंजिन पुढे आणि ताकद मागे अशी गाडी निवडा. इंजिन मध्यभागी किंवा मागे असलेल्या सुपरकार दिसायला देखण्या असतात, पण त्यांचं शेपूट एकदा निघालं की ते झटक्यात निघतं. नवख्याला सावरायला वेळ मिळत नाही.

इथे एक खरी गोष्ट सांगितलीच पाहिजे. गेममध्ये कोणत्याही गाडीला चारही चाकांची ताकद देण्याची सोय बहुधा असते आणि अशी गाडी ड्रिफ्ट झोनमध्ये भरपूर गुण मिळवून देते. पुढची चाकंही ओढत असल्याने गाडी गोल फिरायच्या आधीच सरळ होऊ बघते. तीन तारे हेच ध्येय असेल तर त्यात काही गैर नाही. पण ड्रिफ्ट शिकायचा असेल तर मागच्या चाकांवरच रहा. चार चाकांची गाडी तुमची चूक स्वतःच निस्तरते, त्यामुळे चूक कुठे झाली ते कळतच नाही.

दुसरी गोष्ट, व्हीलबेस. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध मोजलेलं अंतर. छोटी काठी बोटांत धरून फिरवली की गर्रकन फिरते, लांब काठी सावकाश वळते. गाडीचंही तसंच. एई ८६चा व्हीलबेस २४०० मिलिमीटर, माझदा आरएक्स-७चा २४२५, निस्सान सिल्व्हिया एस १५चा २५२५, बीएमडब्ल्यू एम ३ ई ४६चा २७००च्या थोडा पुढे. दिसायला हे आकडे जवळजवळ आहेत, पण वळणात दहा सेंटिमीटरही हाताला जाणवतात. आखूड गाडी चपळ, पण चंचल. लांब गाडी संथ, पण समजूतदार. शिकण्यासाठी मधल्या मापाची गाडी बरी.

तिसरी गोष्ट, वजन आणि ते कुठे आहे. जड गाडी घसरायला उशीर लावते आणि एकदा घसरली की थांबायलाही उशीर लावते. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि तीच शेपूट सोडायची वेळ. हलकी गाडी हे सगळं लवकर करते, जड गाडी सावकाश. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर साधारण सारखं वाटलेलं असेल तर गाडी दोन्ही बाजूंना सारखीच वागते.

चौथी गोष्ट, ताकद किती आणि ती कशी येते. इथेच मुलं फसतात. तीनशे ते साडेचारशे अश्वशक्ती सुरुवातीला भरपूर झाली. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे ती एकसारखी यायला हवी. मोठा टर्बो बसवलेलं इंजिन खालच्या फेऱ्यांवर झोपलेलं असतं आणि वर गेल्यावर एकदम अंगावर येतं. वळणाच्या मध्यावर असं झालं की खेळ खलास. टर्बो नसलेलं किंवा छोटा टर्बो असलेलं इंजिन बोटाच्या दाबाला सरळ उत्तर देतं. कंट्रोलरचा ट्रिगर थोडा दाबला तर थोडं, जास्त दाबला तर जास्त.

पाचवी गोष्ट माझ्या आवडीची, डिफरन्शियल. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चाकांची एक पेटी मागच्या अ‍ॅक्सलमध्ये असते. साध्या पेटीची खोड अशी, की एका चाकाची पकड गेली की सगळी फिरकी तिकडेच जाते. चिखलात रुतलेल्या टेम्पोचं एकच चाक गरागरा फिरतं आणि दुसरं ढिम्म राहतं ते यामुळेच. ड्रिफ्टमध्ये दोन्ही मागची चाकं एकाच वेळी, सारखी घसरायला हवीत. त्यासाठी गेममध्ये ‘ड्रिफ्ट डिफरन्शियल’ मिळतं. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर ते दोन्ही चाकं जवळजवळ एकत्र बांधतं. त्याच्या जोडीला ‘ड्रिफ्ट सस्पेन्शन’ घ्या, म्हणजे पुढची चाकं नेहमीपेक्षा जास्त वळतात आणि जास्त कोनातूनही गाडी सावरता येते. इंजिनावर पैसे खर्च करायच्या आधी हे दोन भाग बसवा.

कोणती गाडी कुणासाठी

निस्सान सिल्व्हिया एस १५. १९९९ ते २००२ या काळातली. २ लिटरचं टर्बो इंजिन, मूळची २५० अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. मला एकच नाव सांगायची सक्ती केली तर मी हे सांगेन. न आखूड न लांब, न हलकी न जड. चूक केली तर लगेच कळते आणि सावरायला वेळही मिळतो. जगभरच्या ड्रिफ्टिंगच्या मैदानांवर सिल्व्हियाचं घराणं इतकं दिसतं त्याचं कारण हेच.

बीएमडब्ल्यू एम ३ ई ४६. ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टर्बो नाही, ताकद ३४०च्या घरात. व्हीलबेस लांब, वजन दीड टनाच्या आसपास. ज्यांचे हात घाईने हलतात त्यांच्यासाठी ही उत्तम. गाडी स्वतः घाई करत नाही. ज्वालामुखीच्या रस्त्यावर एकामागून एक येणारी वळणं हिच्यावर शिकावीत.

माझदा आरएक्स-७. या गाडीत पिस्टन वरखाली होत नाहीत, तिकोनी रोटर फिरतात. इंजिन छोटं आणि हलकं असल्याने ते बरंच मागे सरकवून बसवता आलं आणि वजनाची वाटणी छान साधली. हात बसल्यानंतर चालवायची गाडी. आखूड आहे, चपळ आहे आणि दोन टर्बो आहेत. चुकीला माफी कमी.

टोयोटा एई ८६. मूळ इंजिनावर ती घसरवायची तर ताकदीवर विसंबता येत नाही. वेग राखूनच वळणात शिरावं लागतं, वजन पुढे टाकून शेपूट सोडावं लागतं. म्हणून ती शाळेसारखी आहे. तारे कमी मिळतील, पण आठवडाभर चालवा आणि मग सिल्व्हियात बसा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

फोर्ड मस्टँग जीटी. मोठं व्ही ८ इंजिन, टर्बो नाही, वजन भरपूर. लांब, मोकळ्या वळणांवर मोठे मोठे कोन काढायचे असतील तर हिच्यासारखी मजा नाही. ग्वानाह्वातोच्या गल्ल्यांत मात्र नेऊ नका.

आणि केन ब्लॉक यांची ‘हूनिकॉर्न’. १९६५च्या मस्टँगवर बेतलेली, १४०० अश्वशक्तीची, चारही चाकांवर चालणारी गाडी. मुलांची लाडकी. ती एका निष्णात चालकासाठी त्याच्या कसरतींकरिता बनवलेली गाडी आहे. सुट्टीच्या दिवशी धुडगूस घालायला जरूर घ्या, शिकायला घेऊ नका.

दिवाळीतली पैज

मागच्या दिवाळीत बहीण मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती. भाचा सतराचा, भाची चौदाची. भाच्याकडे हूनिकॉर्न. भाचीने तोपर्यंत हा गेम फक्त दादाच्या शेजारी बसून बघितलेला. तिने हट्ट धरला तेव्हा मी तिला सिल्व्हिया दिली. इंजिनाला हात लावला नाही, फक्त सस्पेन्शन, डिफरन्शियल आणि टायर बदलले. दोन दिवस ती मोकळ्या जागेत नुसते गोल काढत बसली. भाचा हसत होता. ‘मामा, ही तर रिक्षा फिरवालीय.’

भाऊबीजेच्या संध्याकाळी पैज लागली. एकच ड्रिफ्ट झोन, प्रत्येकी दहा फेऱ्या, मागे फिरवायची सोय बंद. भाच्याच्या एका फेरीत प्रचंड गुण आले, बाकीच्या नऊमध्ये तो कधी दरीत, कधी उलट तोंडाने उभा. भाचीची एकही फेरी डोळे दिपवणारी नव्हती, पण दहापैकी आठ पूर्ण झाल्या. बेरीज केली तर ती पुढे. आजी सोफ्यावर बसून हे सगळं बघत होती. तिला ड्रिफ्ट कळत नाही, पण ती म्हणाली, ‘पोरीची गाडी तिचं ऐकतीय, पोराची गाडी त्याला ऐकवतीय.’

भाचा त्या दिवशी रुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठायच्या आत तो सिल्व्हिया घेऊन गोल काढत बसलेला मला दिसला. मी चहा घेतला आणि काही बोललो नाही.

हात कसा बसवायचा

गाडी घेतली की आधी सेटिंगमध्ये जा. ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा. हे दोन्ही चाक घसरू नये म्हणूनच असतात आणि आपल्याला तर ते घसरवायचं आहे. गिअर मॅन्युअल ठेवा. नाहीतर गाडी ऐन वळणात स्वतःच्या मर्जीने गिअर बदलेल आणि चाकांची फिरकी तुटेल. बहुतेक ड्रिफ्ट एकाच गिअरमध्ये, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्यात, पूर्ण होतात.

मग एखादी मोकळी जागा शोधा. पहिला धडा गोल काढण्याचा. एका बाजूला पाच फेऱ्या, दुसऱ्या बाजूला पाच, आणि गोलाचा आकार बदलू द्यायचा नाही. हे जमलं की इंग्रजी आठचा आकडा काढा. त्यात एका बाजूचं घसरणं संपवून दुसऱ्या बाजूला जावं लागतं आणि ड्रिफ्टमधलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. त्यानंतरच रस्त्यावर या.

गाडी आपल्यासाठी आहे का, हेही याच सरावात कळतं. पाच फेऱ्यांत अंगठा सारखा इकडून तिकडे पळत असेल तर गाडी फार आखूड किंवा फार ताकदीची आहे. ट्रिगर पूर्ण दाबूनही चाकं पकड सोडत नसतील तर ताकद कमी आहे किंवा टायर फार चांगले आहेत. अंगठा आणि ट्रिगर दोन्ही मध्यावर राहून हळूहळू हलत असतील तर गाडी मिळाली म्हणून समजा. मग तिला महिनाभर बदलू नका. दररोज नवीन गाडी घेणाऱ्याला दररोज पहिल्यापासून शिकावं लागतं.

‘मामा, हे खऱ्या गाडीत जमेल का?’

हा प्रश्न भाच्याने विचारला तेव्हा मी तो हसण्यावारी नेला नाही. पुढच्या वर्षी तो अठराचा होईल, लायसन्स काढेल आणि घरी गाडी आहे. ‘असलं काही विचारू नकोस’ म्हणून गप्प बसवलं असतं तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं.

गेम खेळून खऱ्या शर्यतीत गेलेले चालक आहेत. निस्सानने ‘ग्रान तुरिस्मो’ गेमच्या जोडीने २००८ मध्ये ‘जीटी अकॅडमी’ सुरू केली. २०११ मध्ये ती जिंकणारा जॅन मार्डनबरो पुढे व्यावसायिक शर्यतपटू झाला. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही आला. पण गेममध्ये जिंकल्यावर त्याला थेट रस्त्यावर सोडलं नव्हतं. प्रशिक्षक होते, बंद ट्रॅक होता, हेल्मेट, रोल केज आणि डॉक्टर होते.

गेममधून काही गोष्टी नक्की मिळतात. गाडी घसरली तर स्टिअरिंग कुठे वळवायचं, नजर कुठे ठेवायची, एकदम ब्रेक दाबला तर वजन कुठे जातं, हे कळतं. पावसात गाडी खरोखरच घसरली तर ही समज कदाचित उपयोगीही पडेल. पण गेममध्ये अंगाला धक्का बसत नाही. टायर फाटला तर पैसे पडत नाहीत. समोरून दूधवाला येत नाही. आणि आपल्या घरची गाडी बहुधा पुढच्या चाकांवर चालणारी असते, नाहीतर उंच बांध्याची. पहिली ड्रिफ्ट करतच नाही. हँडब्रेक ओढला तर ती सरकते आणि मग जिथे जायची तिथे जाते. दुसरी आडवी घसरताना चाक खड्ड्यात किंवा कडेला अडकलं तर उलटते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्याबद्दल आहे आणि कलम १८९ रस्त्यावर शर्यत लावण्याबद्दल. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. हे मी भाच्याला कागदावर लिहून दाखवलं. मग त्याला गाडीत बसवून चोर्ला घाटातून गोव्याला नेलं आणि प्रत्येक वळणाला विचारत गेलो, ‘इथे मागचं चाक सुटलं तर गाडी कुठे जाईल?’ गेमच्या सवयीने त्याला प्रत्येक वेळी बरोबर सांगता येत होतं. तीन-चार वळणांनंतर तो स्वतःच म्हणाला, ‘मामा, हळू चालव की.’

आपल्या मंडळातल्या तरुण वाचकांनी सुट्टीत एवढंच करून बघावं. दणकट गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये ठेवा, एखादी साधी मागच्या चाकांची गाडी घ्या आणि गोल काढायला बसा. धाकट्या भावंडांच्या हातातही कंट्रोलर द्या, आणि बहिणींच्या जरूर द्या. कोणती गाडी तुमच्या हाताला बसली, आणि का बसली, ते मंडळाच्या पत्त्यावर नक्की कळवा. ‘का’ लिहायला विसरू नका.